सात गाड्यांचे मालक कातेल्लोकाका

आमच्या तोर्रे सान ब्याजो गावात सर्वांत जास्त गाड्या कोणाच्या, असं विचारलंत तर लोक त्या संगमरवराच्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव घेतील. साफ चूक. मी वाहनांचा विमा विकते, मला विचारा. सर्वांत जास्त गाड्या कातेल्लो वितिएल्लो यांच्या होत्या. सात. वय ब्याऐंशी, बसचालकाची पेन्शन, दोन खोल्यांचं घर, बाल्कनीत एक प्लास्टिकची खुर्ची आणि नावावर सात गाड्या. त्यांतली एकही त्यांना चालवायला मिळत नसे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

छत्तीस वर्षं काकांनी आमच्या चौकातून व्हेसुव्हियसच्या उतारावरच्या वाड्यांपर्यंत जाणारी बस चालवली. एकोणीस वळणं. त्यांतली तीन अशी, की समोरून कोंबडी आली तरी दोघांपैकी एकाला मागे सरावं लागतं. छत्तीस वर्षांत बसला ओरखडा नाही. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने एक पितळी पदक आणि एक मनगटी घड्याळ दिलं. घड्याळ आठ महिन्यांत बंद पडलं. पदक संत कातेल्लोच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेलं आहे आणि काका रविवारी ते बनियनच्या टोकाने पुसतात.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक पांढरी पांडा, नातवापेक्षा वयाने मोठी. ती घेऊन ते दिवसाआड वर जर्दाळूच्या बागेत जायचे. बाग म्हणजे एकतीस झाडं, वडिलांच्या वाटणीतून आलेली, बसच्या शेवटच्या थांब्याच्या पलीकडे. आता बस तिथवर जात नाही, चर्चपाशीच वळते; पुढचे तीन किलोमीटर चढ, आणि काकांचा डावा गुडघा तीनशे मीटरचासुद्धा नाही. बायको गेल्यापासून त्यांना बोलायला तीच एकतीस झाडं होती. घरातली माणसं त्यांच्याशी बोलत, पण ती सही हवी असली की.

कारण काका पहिल्या वर्गात होते. आमच्याकडे विम्याचे अठरा वर्ग असतात आणि हिशोब शाळेच्या उलटा. ज्याने कधी कोणाला धडक दिली नाही तो पहिल्यात, ज्याने चार-पाच भिंती पाडल्या तो अठराव्यात. नवा माणूस चौदाव्यापासून सुरुवात करतो. त्यात तो अठरा वर्षांचा असला आणि पत्ता आमच्या बाजूचा असला, तर कंपनी त्याच्याकडे असं पाहते की जणू तो लायसन्स नव्हे, बंदूक मागायला आलाय. उत्तरेतल्या एखाद्या पोराने गोठा पाडला तरी तो आमच्या भल्या माणसापेक्षा कमी भरतो. या अन्यायावर आमच्या लोकांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी आजोबा काढले.

म्हणजे असं, की गाडी आजोबांच्या नावावर घ्यायची. आजोबांचा पहिला वर्ग गाडीला मिळतो, गाडी नातू फिरवतो. सगळं गाव हेच करतं, आणि यात कोणाला लाज वाटत नाही. आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीचं शिक्षण शेवटी विचारतात. आधी विचारतात, आजोबा आहेत का आणि कितव्या वर्गात आहेत.

काकांची मुलगी असुन्ता त्या वसंतात माझ्या ऑफिसात आली. सोबत तिचा मान्वेल. लेखी परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला त्याला लायसन्स मिळालं होतं आणि त्याचा आनंद घरात असा झाला होता, जणू पोरगा डॉक्टर झाला.

"नुन्झिया, आकडा सांग," असुन्ता म्हणाली. "घरचं माणूस म्हणून सांग."

"चार हजार एकशे वीस."

"गाडीचा नाही गं. विम्याचा."

"विम्याचाच आहे. वर्षाचा."

"अगं, गाडीच दोन हजाराची आहे."

"गाडीचा काय संबंध? कंपनीला भीती गाडीची नाही, चालवणाऱ्याची आहे."

"माझा मान्वेल सरळ आहे."

"तो सरळच आहे. रस्ते वाकडे आहेत."

मान्वेल तेवढ्यात माझ्या टेबलावरचं कॅलेंडर उलटून पाहत होता. पोरगा वाईट नाही. फक्त अठरा वर्षांचा आहे, आणि तो काही गुन्हा नाही. कंपनी तेवढी तसं धरते.

मग असुन्ताने जे म्हणायचं ते म्हटलं आणि मी जे करायचं ते केलं. काकांच्या नावाने सहाशे चाळीस युरो. त्यात आणखी एक सूट होती. गाडी फक्त अनुभवी माणूसच चालवेल, सव्वीस वर्षांच्या वरचा, असं लिहून दिलं की आकडा पाचशे दहावर येतो. मी ते लिहिलं. अठरा वर्षांचा मान्वेल समोर बोटात चावी फिरवत उभा होता आणि मी लिहिलं, अनुभवी चालक. मी हे कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात मला भोळेपणाचा आव आणता येणार नाही.

काका सहीला आले ते कोट घालून. कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी एकच विचारलं.

"ही गाडी चालवणार कोण?"

"पपा, सही करा," असुन्ता म्हणाली. "कॉफी गार होतेय."

काकांनी सही केली. अक्षर सुंदर आहे त्यांचं, सावकाश, प्रत्येक अक्षर आपापल्या थांब्यावर थांबणारं.

एकदा दार उघडं दिसल्यावर कोण बाहेर राहतो? चार महिन्यांनी मान्वेलच्या थोरल्या बहिणीची, जेसिकाची गाडी आली. तोपर्यंत ती बापाची गाडी मागून घ्यायची, पण धाकट्या भावाला स्वतःची गाडी आणि आपल्याला नाही, हे तिला कसं सोसणार? मग असुन्ताच्या नवऱ्याच्या भावाने आपल्या पोराची गाडी पाठवली. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, ते असं. पाचवी आणि सहावी कोणाच्या ते मी सांगत नाही, त्यांच्या आया अजून माझ्याकडे विमा घेतात. सातवी मात्र सांगते. सातवी माझ्या मुलीची, ओर्नेल्लाची. एकोणीस वर्षांची आहे, नापोलीला शिकते, तिला स्टेशनपर्यंत जायला गाडी हवी होती. मी पंचवीस वर्षं विमा विकते आणि माझ्या मुलीचा आकडा पाहून मलाच चक्कर आली. मी काकांकडे गेले, अर्धा किलो ताज्या पेस्ट्र्या घेऊन. त्यांनी पेस्ट्री खाल्ली, सही केली आणि विचारलं, "मुलगी चालवते कशी?" मी म्हटलं, छान. मी तिच्या गाडीत कधी बसले नव्हते.

आता सात गाड्यांच्या मालकाला टपालही तसंच येणार. एका महिन्यात काकांनी सोर्रेंतोला झेब्रा पट्ट्यावर गाडी लावली, सालेर्नोच्या हायवेवर एकशे बेचाळीसच्या वेगाने गेले आणि त्याच तासात नापोलीच्या बंद रस्त्यात शिरले. हे सगळं बाल्कनीतल्या खुर्चीवरून. ते एकेक पाकीट उघडत आणि कपाळाला हात लावून वाचत. "हायवेवर एकशे बेचाळीस," ते मला म्हणाले. "मी माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सत्तरच्या वर गेलो नाही." दंड त्या त्या पोराच्या घरी पोचवायचे, हे कामही त्यांचंच. नगरपालिकेने गॅसच्या बिलातली म्हाताऱ्यांची सवलत बंद केली. पत्रात लिहिलं होतं, अर्जदार सधन दिसतात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण एक दिवस असुन्ता ऑफिसात आली ती घाबरलेली.

"नुन्झिया, पपांनी काल पांडा मागे घेताना कुंडी पाडली."

"मग?"

"उद्या माणूस पाडतील. त्यांचा वर्ग गेला म्हणजे सगळ्या गाड्यांचा जाणार का गं?"

इथे खरं उत्तर सरळ होतं. नाही. प्रत्येक गाडी आपापला वर्ग घेऊन फिरते; पांडाने कोणाला ठोकलं तर पांडा खाली जाईल, बाकी सहा जिथल्या तिथे. हे सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. पण ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा रस्त्यावर नसला तर काय बिघडलं, असा विचार माझ्या मनात आला. त्यांच्या नावावर माझ्या सात पॉलिसी होत्या, त्यांतली एक माझ्या घरची.

"तसं काही सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी असुन्ताने पांडाची चावी बापाच्या खिशातून काढून आपल्या पर्समध्ये टाकली. ज्या माणसाने छत्तीस वर्षांत ओरखडा पाडला नाही, त्याने यापुढे गाडीला हात लावायचा नाही, कारण तसा माणूस फार मोलाचा. जी अजून आरशात पाहून मागे यायला शिकली नाहीत, ती सहा पोरं रस्त्यावर. पांडावर अंगणात ताडपत्री आली. काका बाल्कनीतून ताडपत्रीकडे पाहत.

भांडले नाहीत. तो त्यांचा दोषच. बसमध्ये चालकाशी बोलू नये अशी पाटी असते, ती त्यांनी जन्मभर स्वतःलाही लागू केली. बागेचं विचारलं की मान्वेल आजोबांना म्हणायचा, "उद्या नेतो, नोन्नो." मान्वेलचा उद्या म्हणजे नगरपालिकेचा उद्या. पहिल्या जूनमध्ये त्याने त्यांना एकदा वर नेलं, तेही अर्ध्या तासासाठी, इंजिन चालू ठेवून. बाकी फळ खाली पडलं. जर्दाळू थांबत नाही, पंधरा दिवसांत पिकतो आणि गळतो. शेजारच्या बागेवाल्याने फोन करून सांगितलं, कातेल्लो, तुझ्या झाडांखाली वास सुटलाय. मी तेव्हा त्यांच्या घरी दंडाचं पाकीट न्यायला गेले होते. काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ पदक पुसत बसले. मला वाईट वाटलं. पाकीट घेऊन मी घरी आले.

दुसरा जून आला. मान्वेल विसाचा झाला होता. एका रविवारी भर दुपारी, चौक रिकामा असताना, तो दोन मित्र आणि एक मुलगी घेऊन वरून खाली आला आणि सान रोक्कोच्या वळणावर वळायचं राहून गेलं. गाडी तोमासो मासेवाल्याच्या दुकानाचं शटर फाडून आत गेली आणि थंड काउंटरला टेकून थांबली. देवाची कृपा, कोणाला काही झालं नाही. मान्वेलचा ओठ फाटला, मुलगी चिडून चालत घरी गेली.

सोमवारी दीड वाजता मी ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढलं. आत असुन्ता, ओठाला पट्टी लावलेला मान्वेल, तोमासो आणि कोट घातलेले काका. टेबलावर अपघाताचा निळा फॉर्म. त्यात कोण, कुठे, कसं लिहायचं असतं, खाली चौकोनात चित्र काढायचं असतं आणि सह्या करायच्या असतात.

अडचण सगळ्यांना कळत होती. गाडी फक्त अनुभवी माणूस चालवणार, असं आम्ही लिहून दिलेलं. वीस वर्षांच्या पोराने ठोकली असं कळलं, तर कंपनी तोमासोला भरपाई देईल आणि मग ती मालकाकडून वसूल करेल. त्यावर उपायही सगळ्यांना माहीत होता. आमच्या गावात पोरं ठोकतात आणि आजोबा चालवत असतात.

"पपा," असुन्ता म्हणाली, "गाडी तुम्ही चालवत होता."

"मी?"

"हो."

"आणि चावी कुठे होती माझी?"

"आत्ता चेष्टा नको, पपा."

काका तोमासोकडे वळले. "तू पाहिलंस मला?"

"काका, मला माझं शटर, माझा फ्रीज आणि माझं काउंटर पाहिजे," तोमासो म्हणाला. "ते दिलंत तर मी तुम्हाला पाहिलं, तुमच्या बाजूला बसलेल्या पोपलाही पाहिलं."

"नुन्झिया," काका म्हणाले, "सही केली तर माझ्या लायसन्सचं काय?"

मी फॉर्मकडे पाहत बोलले. "बोलावतील. पुन्हा डोळे, पुन्हा हात-पाय. या वयात, अशा अपघातानंतर, परत देत नाहीत बहुतेक."

"मग काय झालं?" असुन्ता म्हणाली. "तुम्ही तसेही कुठे चालवता?"

मला वाटलं आता तरी हा माणूस चिडेल. त्यांनी खिशातून चष्मा काढला, माझ्याकडे पट्टी आणि पेन्सिल मागितली आणि फॉर्म जवळ ओढला. असुन्ताने सुस्कारा सोडला. तिला वाटलं, झालं.

काका चित्र काढू लागले. आधी रस्त्याच्या दोन्ही कडा, मग वळण, मग भिंत, सांडपाण्याची जाळी, तोमासोचं दुकान, समोरचा दिव्याचा खांब. सगळं मोजून. साठ हजार वेळा गेलेला रस्ता होता तो.

"कोणता गिअर?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"कोणाला विचारताय?" मान्वेल म्हणाला.

"मी चालवत होतो ना? मला आठवत नाही. तू सांग."

"तिसरा."

"सान रोक्कोला? उतारावर?"

"चौथा असेल, नोन्नो."

काकांनी पेन्सिल उचलली, पुन्हा टेकवली. "ब्रेक कुठे दाबलास?"

"वळणात."

"वळणाच्या आधी नाही?"

"आधी मी गाणं बदलत होतो."

त्यांनी चाकांच्या खुणा काढल्या, जिथे असायला हव्यात तिथे. चित्र पुरं झालं तेव्हा ते इतकं स्वच्छ होतं, की कोणाही आंधळ्याला कळावं, चालवणारा गाढव होता. मग त्यांनी पेन्सिल पट्टीला समांतर ठेवली आणि चष्मा काढला.

"यावर माझी सही होणार नाही."

"पपा."

"खोटं बोलायला माझी हरकत नाही, असुन्ता. मी तीस वर्षं युनियनमध्ये होतो. पण सान रोक्कोचं वळण मी चौथ्या गिअरमध्ये घेतलं आणि वळणात ब्रेक दाबला, असं माझ्या सहीने लिहायचं? डेपोतली माणसं ऐकतील."

"डेपोतली निम्मी मेली."

"राहिलेली निम्मी हसतील."

असुन्ता रडायला लागली. रडणं खरं होतं, आणि त्यात हिशोबही होता; आमच्याकडे दोन्ही एकत्र चालतं. पोराचं आयुष्य, बापाचा हट्ट, पन्नाशीतलं तिचं नशीब, सगळं आलं त्यात. मग ती माझ्याकडे वळली. "सांग ना यांना, पैसे कोणाकडून घेतील ते."

"मालकाकडून," मी म्हटलं.

"म्हणजे मी," काका म्हणाले.

"म्हणजे तुम्ही. सात-साडेसात हजार होतील."

"ऐकलंत?" असुन्ता म्हणाली. "पेन्शनीतून द्या आता."

काकांनी थोडा विचार केला. "नुन्झिया, गाड्या कोणाच्या नावावर आहेत?"

"तुमच्या."

"किती?"

"सात."

"कागदावर आहेत त्या, पपा," असुन्ता म्हणाली.

"या खोलीत कागदाशिवाय दुसरं काय आहे?" काका म्हणाले, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मालकाला गाडी विकता येते का?"

"येते."

"कोणाला विचारून?"

मी असुन्ताकडे पाहिलं. तिने डोळे मोठे केले. पंचवीस वर्षांत मी या टेबलाशी जितकं खोटं लिहिलं असेल, त्याच्या मानाने हे उत्तर छोटं होतं, पण जिभेवरून उतरेना.

"कोणालाही न विचारता," मी म्हटलं.

"मग चाव्या आणा."

मग तोमासो उठला. आपले पैसे कोणत्या दिशेने येणार आहेत हे मासेवाल्याला लगेच कळतं. "मी आणतो, काका. कोणाकोणाकडे जायचं ते सांगा," तो म्हणाला आणि शटरखालून वाकून बाहेर पडला. असुन्ताने पर्समधून पांडाची चावी काढली आणि टेबलावर आपटली. मान्वेलने आपली तिच्या बाजूला ठेवली, हळूच. पाऊण तासात तोमासो चार चाव्या घेऊन परत आला, आणि त्याच्या मागोमाग दोन आया शिव्या घालत आल्या. काकांनी चाव्या मोजल्या. सहा. मग ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले.

ओर्नेल्लाची जादा चावी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढून दिली.

"आणखी एक सांग," काका म्हणाले. "माझ्या पांडाला ओरखडा आला असता, तर या बाकीच्यांचं काय झालं असतं?"

आता लपवून काय उपयोग होता? "काही नाही. प्रत्येक गाडीचा वर्ग वेगळा असतो."

असुन्ताचं रडणं थांबलं. "तू म्हणालीस, सगळ्यांचा जाईल."

"मी म्हणाले, सांगता येत नाही."

काका रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. खरं तर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते पांडाच्या चावीकडे पाहत बोटांवर काहीतरी मोजत होते.

"चौदा महिने," ते म्हणाले.

मग त्यांनी फॉर्मवर चालकाच्या रकान्यात आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, मान्वेल, वय वीस. फॉर्म मान्वेलपुढे सरकवला आणि त्याने सही केली. सहा चाव्या कोटाच्या एका खिशात गेल्या, सातवी हातात राहिली. शटरखालून वाकताना गुडघा कुरकुरला, तेव्हा मान्वेलने हात दिला. "तू पण चल," काका त्याला म्हणाले, "करंड्या उचलायला." अंगणात ताडपत्री काढल्यावर पांडा पहिल्या दोन खेपांना सुरू झाली नाही. तिसऱ्या खेपेला झाली. सान रोक्कोच्या वळणाच्या बरंच आधी ब्रेकचे दिवे लागलेले मी ऑफिसच्या दारातून पाहिले.

त्यानंतर कंपनीची वसुली भागवायला काकांनी तीन गाड्या विकल्या. मान्वेलची भंगारात गेली. व्याह्यांच्या पोराची नोलाच्या एका माणसाने घेतली. व्याह्यांनी वकिलाकडे जायची धमकी दिली, वकिलाने कागद पाहिले आणि सल्ल्याची फी तेवढी घेतली. बाकीच्यांच्या चाव्या त्यांनी परत केल्या, पण ज्याला हवी त्याने आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, या अटीवर. आकडा ऐकून एका आईने माझ्या ऑफिसात खुर्ची मागितली आणि दुसरीने देवाचं नाव घेतलं. जेसिका आता सायकलने जाते. कंपनीने मला पत्र पाठवलं. त्यातला मजकूर मी इथे देत नाही.

तिसरी विकलेली गाडी ओर्नेल्लाची. सगळ्यांत नवी तीच होती. ती तोमासोने घेतली, कंपनीकडून आलेल्या भरपाईतून. रोज सकाळी तो तिच्यात बर्फाच्या पेट्या घालून माझ्या ऑफिससमोरून जातो आणि हॉर्न वाजवतो. डिक्कीला मी हौसेने लावलेलं फुलपाखराचं स्टिकर अजून तसंच आहे.

जुलैत काका पांडाचा विमा नवा करायला आले. कोट नव्हता, बाह्या वर केलेल्या, नखांत माती. मागून मान्वेल जर्दाळूची करंडी घेऊन आला. काका त्याला बागेत जाताना पांडा चालवू देत नाहीत. शेजारी बसवतात आणि प्रत्येक वळणाच्या आधी विचारतात, कोणता गिअर. चुकलं तर गाडी थांबवतात. मागे कितीही गाड्या हॉर्न देवोत.

मी फॉर्म भरला. वर्ग पहिला. गाडी चालवणार कोण, या रकान्याशी आले तेव्हा सवयीने माझं पेन थांबलं.

"मीच," काका म्हणाले.

मी लिहिलं, अनुभवी चालक. सही झाली. मान्वेलने टेबलावरची करंडी पुन्हा उचलली. ती तोमासोच्या घरी जायची होती. दारात काका वळले.

"ओर्नेल्लाला सांग, स्टेशनला सव्वासातची बस असते. पुढच्या सीटवर बसून रस्ता बघत जा म्हणावं."

सांगितलं मी. ती जाते. पुढच्या सीटवर बसते की नाही ते मला सांगत नाही. माझ्याशी ती सध्या फार बोलत नाही.